आरव्ही, करारातलं एक कलम आणि मोॲबची दगडी चित्रं

युटा राज्यात मोॲब नावाचं एक छोटं गाव आहे. त्याच्या आसपासच्या लाल कड्यांवर हजारेक वर्षांपूर्वीची, काही त्याहूनही जुनी चित्रं आहेत. कोरलेली आहेत तशी रंगवलेलीही आहेत. त्यातली बरीचशी रस्त्याच्या कडेला उभं राहून, तिकीट न काढता बघता येतात. हे मला दादाने जानेवारी २०२४ मध्ये फोनवर सांगितलं. दादा-वहिनी बरीच वर्षं सॉल्ट लेक सिटीत राहतात. "ऑक्टोबरात या दोघं. आरव्ही घेऊ भाड्याने आणि निवांत हिंडू," असं त्याचं म्हणणं.

आरव्ही म्हणजे झोपायला, स्वयंपाकाला आणि संडास-आंघोळीला जागा असलेली गाडी. निवांत हा शब्द ऐकून मी लगेच हो म्हटलं. प्रत्यक्षात तसा निवांत दिवस उगवेपर्यंत बरीच कागदपत्रं, बरीच फोनाफोनी आणि एका जाड कराराचं वाचन झालं. कुणी असा बेत करत असेल तर त्याचा थोडा गोंधळ कमी व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. अमेरिकेचा व्हिसा आमच्याकडे आधीपासून होता, त्यामुळे ते रामायण इथे नाही.

आधी लायसन्स. गाडी दादाच चालवणार होता, पण एकच ड्रायव्हर आणि डोंगराळ रस्ता हे काही बरं नाही, म्हणून दुसरं नाव माझं घालायचं ठरलं. त्यासाठी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं. ते आरटीओच देतं. सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, फॉर्म ४-ए, पासपोर्ट, व्हिसा आणि लायसन्स अपलोड करायचं, १००० रुपये भरायचे आणि मूळ कागद घेऊन दिलेल्या वेळी हजर व्हायचं. एजंटची काही गरज पडली नाही. मी १२ ऑगस्टला अर्ज केला आणि मधे १५ ऑगस्टची सुट्टी येऊनही १६ तारखेला परमिट हातात पडलं. ते दिल्या तारखेपासून एकच वर्ष चालतं. तोवर लायसन्सची मुदत संपणार असेल तर तितकंच. म्हणून फार आधी काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि मूळ लायसन्स बरोबर नसेल तर नुसत्या परमिटला कुणी विचारत नाही. काउंटरवर दोन्ही मागतात.

गाडीचं बुकिंग मात्र आम्ही एप्रिलमध्येच केलं होतं. मोॲबला वसंत आणि शरद हे दोन गर्दीचे हंगाम. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही, म्हणून सगळे ऑक्टोबरावर तुटून पडतात. आरव्हीचे ढोबळ तीन प्रकार असतात. क्लास ए म्हणजे बसएवढं धूड, क्लास बी म्हणजे व्हॅन आणि क्लास सी म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं घर, ज्यात ड्रायव्हरच्या डोक्यावरही एक बिछाना असतो. चौघांसाठी आम्ही २५ फुटी क्लास सी घेतली. वेबसाइटवर रात्रीचं भाडं १२९ डॉलर दिसत होतं. माझ्यातल्या हिशेबी बाईला ते फारच स्वस्त वाटलं. मग पुढच्या पानावर एकेक पाहुणा यायला लागला. मैलाला ४५ सेंट वेगळे, जनरेटर चालवला तर तासाला ४ डॉलर, अंथरुणं आणि भांडी हवी असतील तर त्याचे संच, गाडी तयार करून देण्याची फी, विमा, कर. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा रात्रीचा दर दुसऱ्या कंपनीच्या रात्रीच्या दराशी ताडून बघू नका. अंदाजे मैल घालून शेवटचा आकडा काढा आणि मग तुलना करा. भांड्यांचा संच आम्ही घेतला नाही. वहिनीने घरातलाच कुकर, तवा आणि चार ताटल्या आणल्या. अंथरुणं मात्र घेतली.

आणखी एक. १००० डॉलरचं डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात आणि डेबिट कार्ड चालत नाही. भारतातून येणाऱ्यांनी कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आधी बघून, वाढवून घ्यावी.

करार ईमेलने आला तो मी छापून, हातात पेन्सिल घेऊन वाचला. माझ्या नवऱ्याला हा माझा जुना रोग माहीत आहे. त्यात एक कलम होतं आणि आमची सगळी सहल पुढे त्या कलमानेच आखली: गाडी कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही. नेली आणि काही झालं तर विमा लागू नाही. अपवाद एकच, सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये शिरण्यापुरता नीट राखलेला खडीचा रस्ता.

तोपर्यंत दादाने आणि मी चित्रांच्या जागांची भलीमोठी यादी केली होती. तिच्या सगळ्यात वर होती हॉर्सशू कॅनियनमधली 'ग्रेट गॅलरी'. तिथली रंगवलेली, हातपाय नसलेली, माणसाहूनही उंच आकृत्यांची रांग जगप्रसिद्ध आहे. पण तिथे जायला ३० मैलांचा कच्चा रस्ता आणि पुढे जाऊन-येऊन ७ मैल पायपीट. खोडलं. केन क्रीक रोडवरचा 'बर्थिंग सीन' म्हणजे बाळंत होणाऱ्या बाईचं चित्र कोरलेला मोठा धोंडा. तोही डांबर संपल्यावर पुढे. खोडलं. अशा खोडाखोडीनंतर जे उरलं ते सगळं पक्क्या रस्त्यालगत होतं: पोटॅश रोडवरचे कडे, कोर्टहाउस वॉश आणि न्यूजपेपर रॉक. यादी आखडली म्हणून दादा जरा खट्टू झाला. मला मात्र आता वाटतं, त्या कलमाचे आभार मानायला हवेत. सगळी यादी हाती राहिली असती तर आम्ही दिवसभर एका जागेहून दुसरीकडे नुसते धावलो असतो.

सोमवार, ७ ऑक्टोबर. गाडी दुपारी एकनंतरच मिळते. आधी व्हिडिओ बघायचा, मग तिथला माणूस गाडीभोवती फिरवून एकेक गोष्ट दाखवतो. पाण्याच्या तीन टाक्या असतात: चांगलं पाणी, सांडपाणी आणि संडासाची. शेवटच्या दोन्हींची भोकं कुठे आहेत आणि कुठली आधी उघडायची, गॅस कुठे बंद करायचा, बॅटरी किती उरली ते कुठे बघायचं, सगळं तो भराभरा सांगत होता. मी ते मोबाइलवर चित्रित करून घेतलं. रात्री अंधारात हीटर लागेना तेव्हा तेच चित्रीकरण बघून लावला. तुम्हीही हे करा, तो माणूस नाही म्हणत नाही. गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटोही काढा, छताच्या कडांचेसुद्धा. विम्यात बहुतेक वेळा छत धरलेलं नसतं.

या सगळ्याला दोन तास गेले. मोॲब तिथून २३५ मैलांवर आहे, म्हणजे कारने चार तास आणि आरव्हीने त्याहून जास्त. पहिल्याच दिवशी नवी गाडी घेऊन अंधारात तिथे पोहोचायला नको म्हणून आम्ही अलीकडच्या ग्रीन रिव्हर गावात मुक्काम ठरवला होता. हायवे ६ सोल्जर समिटच्या घाटातून जातो, ७००० फुटांच्या वर. ट्रकांची सतत ये-जा. घाटापर्यंत दादाने चालवली, प्राइस गावानंतर मी. गाडी रुंद आहे आणि वारा आला की हलते, एवढं सोडलं तर चालवायला अवघड नाही. जपायचं ते वळताना मागच्या टोकाला आणि पेट्रोल पंपाच्या छताला. मागे सगळी कपाटं एका सुरात खडखडत होती. वहिनीने दोन टॉवेल कोंबून ताटल्या तेवढ्या गप्प केल्या.

ग्रीन रिव्हर खरबुजांसाठी प्रसिद्ध आहे. हंगामाच्या शेवटची दोन आम्ही रस्त्यावरच्या ठेल्यावरून घेतली. तिथल्या खाजगी आरव्ही पार्कमध्ये रात्रीचे ५८ डॉलर पडले, पण वीज, नळ आणि गटाराची जोडणी तिन्ही मिळाली. पहिली रात्र अशीच जोडणीच्या जागी काढावी. काय चालतं, काय चालत नाही ते कळतं, आणि जवळ दुकानही असतं.

मंगळवारी सकाळी लवकर निघालो, कारण आता खरी धाकधूक होती ती जागेची. मोॲबजवळ कोलोरॅडो नदीच्या काठाने बीएलएमची, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याची बरीच कॅम्पग्राउंडं आहेत. जागेचे रात्रीचे २० डॉलर. पण वैयक्तिक जागांना आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची. शुक्रवारी दुपारी गेलात तर परत फिरावं लागण्याची शक्यता जास्त. आम्ही मोॲबच्या अलीकडेच पोटॅश रोडला, म्हणजे राज्य महामार्ग २७९ ला वळलो आणि साडेदहाच्या आत 'गोल्ड बार' कॅम्पग्राउंडमध्ये पोहोचलो. एक कुटुंब आवराआवर करत होतं. त्यांना विचारलं, ते म्हणाले, अर्ध्या तासात निघतो, या. तो अर्धा तास मी जागेच्या खांबाजवळ उभी राहून काढला. दादा म्हणाला, "लोकलची सीट धरल्यासारखी उभी आहेस." पण जागा मिळाली.

पैसे भरायची पद्धत मजेशीर आहे. फलकाशेजारच्या खोक्यातून पाकीट घ्यायचं, त्यावर गाडीचा नंबर आणि तारखा लिहायच्या, नोटा आत घालून लोखंडी नळकांड्यात टाकायचं आणि फाडलेली चिठ्ठी जागेच्या खांबाला लावायची. सुटे परत द्यायला कुणी नाही. वीस वीसच्या नोटा बरोबर ठेवा. तीन रात्रींचे ६० डॉलर भरले. इथे नळ नाही, वीज नाही, कोरडे संडास आहेत. ग्रीन रिव्हरहून निघताना टाकी काठोकाठ भरून आणली होती, पिण्याचं पाणी कॅनमध्ये वेगळं. चौघांत तीन दिवस तेवढं पुरवायचं म्हणजे आंघोळ तांब्याभर पाण्याची आणि भांडी आधी कागदाने पुसून मग धुवायची. सांडपाण्याची टाकी संडासाच्या टाकीच्या आधी भरते, हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी आणखी काही केलं नाही. खुर्च्या काढल्या, समोरचा कडा लाल, मग जांभळा होत गेला तो बघितला. फोनला रेंज नव्हती.

बुधवार, ९ ऑक्टोबर. ज्या दिवसासाठी एवढा सगळा खटाटोप, तो हा.

सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो, पण कड्यांमुळे कॅम्पात ऊन यायला उशीर लागतो. थंडी चांगलीच होती. चहा आणि पोहे झाल्यावर घर बांधायला घेतलं. आरव्हीत कुठेही जायचं म्हणजे घरच बरोबर निघतं. गॅस बंद, छताच्या खिडक्या बंद, कपाटांना कड्या, पायरी आत. आम्ही याची यादी करून दाराला चिकटवली होती. दोन खुर्च्या आणि टेबल जागेवर ठेवून दिलं, म्हणजे चिठ्ठी कुणी वाचली नाही तरी जागा धरलेली आहे हे कळावं.

पोटॅश रोडवर मोॲबच्या दिशेने पाच मैल मागे आलं की रस्त्याच्या कडेला 'इंडियन रायटिंग' अशी पाटी आहे. हायवे १९१ वरून येणाऱ्यांना हेच अंतर सव्वापाच मैल पडतं. गाडी लावायला कडेला रुंद जागा आहे, २५ फुटी गाडी आरामात मावते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सरळसोट कडा. मी खाली बघत बघत शोधत होते, आणि चित्रं डोक्यावर होती, रस्त्यापासून पंचवीस-तीस फूट उंच. रस्ता झाला तेव्हा पायथ्याचा भराव निघाला आणि ज्या पातळीवर उभं राहून हे कोरलं ती जमीनच गेली, असं सांगतात. त्यामुळे दुर्बीण हवीच. आमच्याकडे एकच होती आणि तिच्यासाठी ओढाताण झाली.

इथे कोरण्याची रीत समजून घेतली तर बघण्यात रस वाटतो. इथला वालुकाश्म मुळात फिकट लाल. त्याच्या उघड्या अंगावर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांचा, मातीच्या कणांचा एक काळपट, चकाकणारा थर हजारो वर्षांत चढतो. त्याला डेझर्ट व्हार्निश म्हणतात. कोरणाऱ्याने दगडाने टोचे मारून तो काळा थर उडवला की खालचा फिकट दगड उघडा पडतो, आणि तीच रेघ. म्हणून रेघ गडद नसते, उजळ असते. आणि उघड्या पडलेल्या भागावर पुन्हा हळूहळू थर चढायला लागतो, म्हणून जुनी रेघ मंद दिसते आणि नवी झळझळीत.

बराच वेळ आम्हाला फक्त मेंढे दिसत होते, मागे वळलेल्या शिंगांचे. मग वहिनीने एक रांग दाखवली. घडी घालून कापलेल्या कागदी बाहुल्यांसारखी, हातात हात घातलेली माणसं. एकदा ती दिसल्यावर मग डोळे सरावले आणि भिंतभर आकृत्या दिसायला लागल्या: वर रुंद, कमरेशी निमुळती धडं, डोक्यावर शिंगं किंवा काहीतरी शिरस्त्राण, ढाली. अशी चौकटी धडं फ्रीमाँट या मूळनिवासी लोकांची खूण मानतात. हे लोक साधारण इसवी सन ३०० ते १३०० या काळात इथून उत्तरेला राहत होते. दक्षिणेला प्यूब्लो लोकांचे पूर्वज. मोॲब त्या दोघांच्या सीमेवर येतं, म्हणून इथल्या भिंतींवर दोन्हींची सरमिसळ आहे. थोडं पुढे चालत गेलं की एक मोठं अस्वल आहे आणि त्याच्या नाकासमोर शिकारी. ते इतकं स्पष्ट आहे की त्याला दुर्बीण लागत नाही.

फोटोंविषयी एवढंच सांगते: भर उन्हात काही येत नाही. सावलीत किंवा तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. मी काढलेले फोटो यथातथाच आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण नंतर नंतर मी कॅमेरा ठेवून खुर्चीच काढून बसले. हे सुख फक्त आरव्हीत. मागे दार उघडायचं, खुर्ची काढायची, चहा टाकायचा आणि परत बघायचं. शेजारच्या कड्यावर दोर लावून चढणारी तरुण मंडळी होती. गिर्यारोहकांनी त्या भिंतीला 'वॉल स्ट्रीट' नाव दिलं आहे, गाडीतून उतरलं की थेट चढाईच. त्यांच्यातल्या एका मुलीने येऊन विचारलं, तुम्ही इथे इतका वेळ काय बघताय? तिला अस्वल दाखवलं. ती कित्येकदा इथे चढायला आली होती म्हणे.

अकराच्या सुमाराला जरा पुढे जाऊन डायनासोरच्या पावलांचे ठसे बघितले. वर कलंडलेल्या दगडावर ते आहेत, आणि खाली रोखून लावलेल्या नळीतून दिसतात. माझ्या नवऱ्याला चित्रांपेक्षा हेच जास्त आवडलं. मतभेद तिथेच सोडून नदीकाठी गाडी लावली, खिचडी केली, आणि चक्क तासभर झोपलो.

उन्हं कलल्यावर कोर्टहाउस वॉशला गेलो. ही जागा आर्चेस नॅशनल पार्कच्या हद्दीत येते, पण पार्कच्या फाटकातून आत जावं लागत नाही. हायवे १९१ वर नदीच्या पुलाजवळ गाडीतळ आहे, तिथून अर्धा मैल चालायचं. त्या वर्षी आर्चेसमध्ये शिरायला वेळेचं आरक्षण लागत होतं, ते इथे लागलं नाही. शेवटी चढ आहे आणि वाट सैल दगडांची, तेव्हा सपाता घालून जाऊ नका.

इथली चित्रं कोरलेली कमी आणि रंगवलेली जास्त. लाल आणि पांढऱ्या रंगातल्या उंच, लांबोळक्या, बिनहातांच्या आकृत्या. ग्रेट गॅलरीशी यांचं नातं आहे. या शैलीला 'बॅरियर कॅनियन' म्हणतात. या शैलीच्या वयावर खूप वाद होता. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी ग्रेट गॅलरीपाशी कोसळलेल्या शिळेखालची वाळू आणि उजेड लागलेले पृष्ठभाग तपासून तिथली चित्रं इसवी सन १ ते ११०० च्या दरम्यानची असावीत असा निष्कर्ष काढला. म्हणजे आधी अनेकांना वाटत होती त्यापेक्षा बरीच अलीकडची.

आणि ही चित्रं फिकी आहेत, खूपच फिकी. त्याचं कारण काळ नाही. १९८० मध्ये कुणीतरी इथे येऊन तारेचा ब्रश आणि साफसफाईची पावडर घेऊन ती घासून टाकली. पार्कच्या लोकांनी नंतर जमेल तेवढं दुरुस्त केलं, आणि त्या कामात पुसलेल्या रंगाखाली आणखी जुनी चित्रं मिळाली. केन क्रीकच्या ज्या धोंड्यापर्यंत आम्ही जाऊ शकलो नाही, त्यावरही २०२१ च्या एप्रिलमध्ये वंशद्वेषाची वाक्यं आणि अश्लील काहीबाही खरडलं गेलं. वहिनी तिथे उभी राहून म्हणाली, "रस्त्यापासून इतक्या जवळ आहे हेच याचं नशीब आणि हेच दुर्दैव." मी काही बोलले नाही, कारण आमच्यासारख्यांना ते जवळ हवं होतं.

हात लावायचा नाही, खडूने रेघा ठळक करायच्या नाहीत, कागद ठेवून ठसा घ्यायचा नाही. त्वचेच्या तेलानेही रंग आणि थर बिघडतो. १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याखाली नुकसान करणाऱ्याला दंड आणि कैद दोन्ही होऊ शकतं. पण तिथे पहारेकरी नाही, कुंपण नाही. सगळं येणाऱ्यावर सोडलेलं आहे.

परत कॅम्पात आलो तेव्हा अंधार पडत होता. जागा आणि खुर्च्या जिथल्या तिथे.

गुरुवारी न्यूजपेपर रॉक. मोॲबहून दक्षिणेला हायवे १९१ ने चाळीसेक मैल, मग उजवीकडे राज्य महामार्ग २११ ने बारा मैल. रस्ता अखेरपर्यंत डांबरी, गाडीतळ रस्त्याला लागून, शुल्क नाही. कोनाड्यासारख्या पुढे आलेल्या खडकाखाली २०० चौरस फुटांच्या काळ्याभोर शिळेवर साडेसहाशेहून जास्त आकृत्या दाटीवाटीने कोरल्या आहेत. पुढे कठडा आहे. पोटॅश रोडला मान वर करून, दुर्बिणीतून शोधलं होतं. इथे सगळं समोर, हातभर अंतरावर, आणि इतकं की कुठून सुरुवात करावी कळेना. सर्वांत जुनं कोरीवकाम सुमारे २००० वर्षांपूर्वीचं मानतात. नावाहो लोक याला गोष्ट सांगणारा दगड म्हणतात.

आदल्या दिवशी शिकलेला थराचा नियम इथे कामी आला. मंद, काळवंडलेल्या आकृत्यांत घोडा कुठेच नाही. घोड्यावर बसून हरणाच्या मागे धनुष्य ताणलेला स्वार आहे, तो अगदी उजळ. घोडे इथे स्पॅनिश लोकांबरोबर आले, म्हणजे तो त्यांच्यानंतरचा, बहुधा यूट लोकांनी कोरलेला. मेंढ्यावर हरीण, हरणावर पाऊल, पावलाशेजारी चाक. काहींनी आपली नावंही कोरली आहेत, गोऱ्या वसाहतवाल्यांनी. दादाला ती नावं खटकली. मला प्रश्न पडला की किती वर्षांनी त्यांनाही आपण जपायला लागू.

ही जागा बेअर्स इअर्स नॅशनल मॉन्युमेंटमध्ये, म्हणजे सरकारने जतनासाठी राखलेल्या प्रदेशात येते. ओबामांनी २०१६ च्या डिसेंबरात ते जाहीर केलं, पुढच्याच वर्षी ट्रम्प यांनी ते खूप लहान केलं आणि २०२१ मध्ये बायडेन यांनी पूर्वीएवढं केलं. होपी, नावाहो, झुनी आणि यूटांच्या दोन जमाती मिळून पाच जमातींचा कारभारात वाटा आहे. ही आमच्या पूर्वजांची खूण आहे असं सांगणारी माणसं आजही आहेत, हे फलक वाचताना सारखं जाणवत राहतं. आपल्याकडे कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं बघताना नेमकं हेच हाती लागत नाही, कोरणारे कोण होते ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी कॅम्प सोडला. मोॲबमध्ये एका पेट्रोल पंपावर १० डॉलर देऊन टाक्या रिकाम्या केल्या. रबरी हातमोजे स्वतःचे न्या. आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे नंतरच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. या कामाची मला सगळ्यात जास्त भीती होती आणि ते दहा-पंधरा मिनिटांत उरकलं. शेवटची रात्र सॉल्ट लेक सिटीच्या अलीकडे जोडणीच्या पार्कमध्ये काढली, ६४ डॉलर, कारण शनिवारी सकाळी अकराच्या आत गाडी परत द्यायची होती, आणि तीही टाक्या रिकाम्या, पेट्रोल भरलेलं आणि आतून झाडलेली. उशीर झाला तर तासाने पैसे लावतात.

१२ ऑक्टोबरला गाडी दिली. तिथल्या मुलीने आमचे फोटो आणि त्यांचे फोटो ताडून बघितले, मागच्या कोपऱ्यावरचा एक ओरखडा आधीचाच आहे हे फोटोमुळे सिद्ध झालं. जनरेटरच्या तीन तासांचे १२ डॉलर लागले. गाडीने गॅलनला नऊच मैल दिले, त्यामुळे पेट्रोलचे अडीचशे डॉलर झाले. भाडं, मैल, विमा, पेट्रोल, मुक्काम सगळं धरून १९०० डॉलरच्या आसपास, चौघांत. चित्रं बघायला एक पैसाही लागला नाही.

डिपॉझिट कार्डावरून सुटायला २४ ऑक्टोबर उजाडला. तोवर तेवढी मर्यादा अडकलेली असते, तेव्हा परतीच्या खरेदीसाठी दुसरं कार्ड जवळ असू द्या. माझं परमिट पुढच्या ऑगस्टपर्यंत चालणार होतं. दादाने तेवढ्यात उंच चाकांच्या जीपचे भाड्याचे दर काढून पाठवलेही, हॉर्सशू कॅनियनसाठी.